पालिकेच्या पदरी दीडशे वर्षे : राणीबागेचा वृत्तान्त

भायखळ्याच्या राणीबागेचे वय सांगताना आपण १८६२ पासून मोजतो आणि ते योग्यच आहे. या लेखाचे निमित्त मात्र वेगळे आहे. १८७३ मध्ये ही बाग मुंबईच्या नगरपालिकेच्या ताब्यात आली, त्या घटनेला २०२३ मध्ये दीडशे वर्षे पूर्ण झाली. बाग ज्यांनी उभारली त्यांची नावे पुस्तकांत सापडतात. ती नंतर दीड शतक ज्यांनी पोसली त्यांची नावे कुठे सापडणार नाहीत, कारण ते मुंबईचे करदाते होते आणि पालिकेच्या हजेरीपटावरचे माळी, माहूत, सफाई कामगार, प्राणीरक्षक होते. हा इतिहास त्यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिला आहे.

प्राणिसंग्रहालयाचा इतिहास लिहायला बसले की कोणता प्राणी कधी आला याची जंत्री आपोआप तयार होते. ती पुढे थोडीफार येईलच. पण अशा संस्थेचे खरे चरित्र तिच्या जमाखर्चात असते. झाड पाण्याविना काही दिवस तग धरते, इमारत दुरुस्तीविना काही वर्षे उभी राहते. पिंजऱ्यातल्या जनावराला मात्र रोज सकाळी खायला लागते आणि ते मिळवण्यासाठी त्याला स्वतःला काहीही करता येत नाही. पैसा कुठून आला, कधी आटला आणि आटल्यावर भार कोणी उचलला, या प्रश्नांच्या उत्तरांतून राणीबागेची दीडशे वर्षे उलगडतात.

१८६१ ते १८७० : कापसाचा पैसा

ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया ही बागायतीची आवड असणाऱ्यांची संस्था एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच मुंबईत स्थापन झाली होती. तिची बाग होती शिवडीला. ती जागा सरकारला दफनभूमीसाठी हवी झाली, तेव्हा संस्थेने भायखळ्याच्या माउंट इस्टेटवर ३३ एकर जागेत नवी बाग आखायला घेतली. डॉ. जॉर्ज बर्डवुड यांचा उत्साह, डॉ. भाऊ दाजी लाड आणि नाना शंकरशेट यांच्यासारख्यांचे वजन, डेव्हिड ससून यांच्यासारख्या व्यापाऱ्यांच्या देणग्या असा सगळा योग जुळून आला. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते बाग खुली झाली आणि त्यांचे पती, गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी केली.

ते दिवस मुंबईत पैशाचा पूर आल्याचे होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, भारतातल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि तो मुंबई बंदरातून जाऊ लागला. त्या पैशातून शेअरांचे वेड आले. बागेला, संग्रहालयाला, घड्याळाच्या मनोऱ्याला हात सैल सोडून देणग्या मिळाल्या. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला, जुलैत बाजार बुडाला आणि आकडे टाकणाऱ्या कित्येक बड्या पेढ्या दिवाळखोरीत निघाल्या. त्याच जुलैच्या अखेरीस नाना शंकरशेटही गेले. वस्तुसंग्रहालयाचे काम अर्ध्यावर थांबले. पुढे ते सरकारी पैशाने पूर्ण करावे लागले.

देणगीवर उभ्या राहिलेल्या संस्थांचे काय होते, हे मुंबईने त्या वेळी फार लवकर पाहिले. देणारे कंजूष नव्हते. त्यांच्याकडे होते तेव्हा त्यांनी दिले, आणि त्यांचे गेले तेव्हा बागेचेही गेले. वर्गणीदार गळाले, संस्था खंगत गेली आणि बाग कोणाच्या तरी पदरात घालण्याची वेळ आली.

१८७१ ते १८९० : ऐच्छिक रकाना

ज्या पालिकेच्या पदरात बाग पडली तीही त्या वेळी सुस्थितीत नव्हती. आर्थर क्रॉफर्ड या पहिल्या आयुक्तांच्या कारकिर्दीत शहर झपाट्याने बदलले, पण खर्च हाताबाहेर गेला, करदाते संतापले आणि त्या रेट्यातून १८७२ चा कायदा आला. करदात्यांच्या निवडलेल्या प्रतिनिधींना प्रथमच पालिकेत जागा मिळाली. म्हणजे मुंबईचे नागरिक आपल्या कराचा हिशेब मागू लागले त्याच सुमारास, १८७३ मध्ये, ही बाग त्यांच्या खर्चावर आली. काटकसरीचा आग्रह धरून निवडून आलेल्या सभेने बागेचा बोजा घेतला, याचे श्रेय त्या सभेला सामुदायिकपणे दिले पाहिजे.

शेजारचे संग्रहालय २ मे १८७२ रोजी खुले झाले होते. पुढे १५ सप्टेंबर १८८३ ला त्याच वास्तूत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन भारतीय होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. निसर्गाचा शास्त्रशुद्ध अभ्यास करणारी देशातली एक अग्रगण्य संस्था राणीबागेच्या कुंपणाशी जन्मली, याचा आम्हा बागप्रेमींना कायम अभिमान वाटत आला आहे.

या कालखंडातली सर्वांत दूरगामी घटना मात्र कागदावरची आहे. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाने पालिकेच्या कामांचे दोन भाग केले : अनिवार्य कर्तव्ये आणि ऐच्छिक कर्तव्ये. पाणी, गटारे, रस्ते, दिवाबत्ती, साथींचा बंदोबस्त ही अनिवार्य. बागा आणि करमणुकीच्या जागा ऐच्छिक. तेव्हाच्या शहराकडे पाहिले तर ही वाटणी समजण्यासारखी आहे. ज्या शहरात पटकीने माणसे मरत होती तिथे पाण्याच्या नळाला पहिला मान मिळणारच. परंतु फुलांचा ताटवा आणि जिवंत प्राणी हे दोन्ही एकाच रकान्यात बसवले गेले. ताटवा एक वर्ष लावला नाही तर बिघडत नाही. पिंजऱ्याला कुलूप लावून प्राणी एकदा ताब्यात घेतला की त्याला खाऊ घालणे ऐच्छिक राहत नाही. तो रकाना मात्र तसाच राहिला, आणि बागेच्या पुढच्या बऱ्याच अडचणींचे मूळ मला तिथे दिसते.

१८९० ते १९२० : विस्तार

१८९० मध्ये आणखी १५ एकर जागा बागेला जोडली गेली आणि प्राण्यांसाठी ऐसपैस वाव मिळाला. आज आपण ज्याला राणीबागेचे प्राणिसंग्रहालय म्हणतो त्याचा आराखडा इथून सुरू होतो. सहा वर्षांनी मुंबईत प्लेग आला. मांडवीपासून पसरत गेलेल्या त्या साथीने शहराची दैना केली, लोक शहर सोडून पळाले, पालिकेची माणसे आणि पैसा दोन्ही तिकडे लागले. ज्या संस्थेला अनिवार्य कामेच पुरी पडत नव्हती तिने त्या काळातही ऐच्छिक रकान्यातली ही बाग टाकून दिली नाही.

१९१४ ची एक गोष्ट इथे सांगायला हवी. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून एलिफंटा हे नाव पडले तो दगडी हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला होता. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत येऊन पडले. जवळपास अर्धशतकानंतर, १९१४ मध्ये, कॅडेल आणि ह्युएट यांनी ते जुळवून हत्ती पुन्हा उभा केला. तो आजही संग्रहालयाच्या आवारात आहे. दगडाचा हत्ती पन्नास वर्षे तुकड्यांत पडून राहू शकला. जिवंत हत्तीला दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा लागतो, पायांची निगा लागते, अंघोळ लागते आणि त्याला ओळखणारा, त्याच्या कानाच्या हालचालीवरून त्याची तब्येत सांगणारा माहूत लागतो. त्यातले काहीही पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलता येत नाही.

१९२१ ते १९४६

या वर्षांबद्दल थोडक्यात आटोपतो. दोन महायुद्धांमधला काळ, मंदी आणि मग युद्धकाळातली टंचाई. शहर वाढत राहिले, बागेभोवती चाळी आणि गिरण्या दाट होत गेल्या. वनस्पतींचा संग्रह मात्र या सबंध काळात अंगाने भरला. गोरखचिंच, उर्वशी, कोल्व्हिल यांसारखी देशोदेशीची झाडे इथे रुजली. राणीबाग आज मुंबईतले महत्त्वाचे वनस्पतिउद्यान आहे, ते त्या पिढ्यांतल्या माळ्यांच्या हातांमुळे.

१९४७ ते १९८० : गिरणगावाची बाग

स्वातंत्र्यानंतर बाग खऱ्या अर्थाने लोकांची झाली. लालबाग, परळ, काळाचौकी, माझगाव, नागपाडा या वस्त्यांतल्या माणसांना चालत किंवा ट्रामच्या तिकिटात जाता येईल अशी ही मोठी हिरवी जागा. सुटीच्या दिवशी डबा बांधून अख्खे कुटुंब यायचे. गावाहून पाहुणे आले की त्यांना चौपाटी आणि राणीची बाग दाखवल्याशिवाय परत पाठवत नसत. वाघ प्रथम इथे पाहिला, हत्ती प्रथम इथे पाहिला, असे सांगणारी मुंबईकरांची निदान चार पिढ्यांची माणसे आहेत.

वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव बागेला मिळाले. काळ्या घोड्याचा पुतळा १९६५ मध्ये इथे आणला गेला. १ नोव्हेंबर १९७५ रोजी शेजारच्या वस्तुसंग्रहालयाला, म्हणजे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव दिले गेले. लोकशाहीर अण्णाभाऊ साठे यांच्या नावाचे नाट्यगृहही याच आवारात आहे, आणि कामगारवस्तीच्या बागेला ते नाव शोभून दिसते.

तिकीट नाममात्र ठेवायचे हे धोरण याच काळात पक्के झाले. ते योग्य होते, असे माझे ठाम मत आहे. पण त्याचा एक अर्थ असा की बाग आपल्या पोटापुरतेही दारात कमावणार नाही, तिला पालिकेच्या तिजोरीतूनच खावे लागेल. जकातीचे उत्पन्न भरपूर होते तोवर याची कोणाला चिंता नव्हती. चिंता नसली की लक्षही राहत नाही. ब्रिटिश काळातले पिंजरे जसेच्या तसे राहिले. गजांआड वाघ येरझारा घालायचा आणि आम्ही मुले ते पाहून टाळ्या पिटायचो. त्या येरझारा हे मानसिक कोंडीचे लक्षण असते, हे त्या वेळी फारसे कोणाला उमगले नव्हते.

१९८१ ते २००० : कायदा आला, पैसा आला नाही

१९८२ चा गिरणी संप आणि त्यानंतरची पडझड यांनी बागेचा नेहमीचा प्रेक्षकवर्ग विस्कटला. दुसरीकडे प्राणिसंग्रहालयांकडे पाहण्याची दृष्टी जगभर बदलत होती. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन प्राणिसंग्रहालयांचे स्वतंत्र प्रकरण आले, १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले आणि मान्यतेचे नियम लागू झाले. पिंजऱ्याचे क्षेत्र, पशुवैद्यक, दवाखाना, स्वयंपाकघर, विलगीकरणाची जागा, आठवड्याची सुटी अशा गोष्टी आता कायद्याने आवश्यक झाल्या. देशातल्या बंदिस्त प्राण्यांच्या बाजूने झालेले हे सर्वांत मोठे काम आहे.

मात्र नियम दिल्लीहून आले आणि खर्च पालिकेने करायचा होता. देशातल्या बहुतेक पालिकांची तिथेच गाडी अडली. मान्यता सशर्त मिळत राहिली, मुदती वाढत राहिल्या. लहान शहरांतली कित्येक प्राणिसंग्रहालये कायमची मिटली.

राजधान्यांनाही हे चुकले नाही. लंडनच्या रीजंट्स पार्कमधले प्राणिसंग्रहालय, म्हणजे या विषयातले आद्य पीठ, १९९२ मध्ये बंद करण्याचा निर्णय जाहीर झाला होता. प्रेक्षक घटले होते आणि सरकारने दरवर्षीची जबाबदारी घ्यायला नकार दिला होता. ते वाचले देणग्यांवर. कुवेतच्या अमिरांनी दहा लाख पौंड दिले. जालंधरला जन्मलेले उद्योगपती स्वराज पॉल यांनीही दिवंगत मुलगी अंबिका हिच्या नावे दहा लाख पौंड दिले. ती लहान असताना आजारपणात तिथे रमत असे. या देणगीचे मोल कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. पण एका बापाच्या दुःखावर एखाद्या देशाच्या प्राणिसंग्रहालयाचे भवितव्य टांगलेले असावे, ही व्यवस्था म्हणता येत नाही.

२००१ ते २०१४ : रिकामे पिंजरे

बागेचा कायापालट करायचे ठरले. परदेशी सल्लागारांकडून काही शे कोटींचा भव्य आराखडा तयार झाला. त्यात जुनी झाडे आणि बागेचे वारसामूल्य जाईल अशी भीती नागरिकांना वाटली, त्यांनी अभ्यास करून हरकती मांडल्या, वारसा समितीपुढे विषय गेला आणि अखेर आराखडा आटोपशीर करून नव्याने आखला गेला. त्या काळात मतमतांतरे बरीच झाली. ती उगाळण्याचे कारण नाही; दोन्ही बाजूंना बाग हवीच होती. झाडे वाचली याबद्दल त्या नागरिकांचे आणि ऐकून घेणाऱ्या अधिकाऱ्यांचे आभार मानले पाहिजेत. शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचा जीर्णोद्धार पालिका, इंटॅक आणि जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनी मिळून याच दशकात केला व २००५ मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार लाभला.

आराखडा होईपर्यंत प्राणी थांबत नाहीत, ही मात्र या काळाची दुखरी बाजू. मोठे काम होणारच आहे तर जुन्या पिंजऱ्यावर खर्च कशाला, असा विचार कागदोपत्री शहाणपणाचा ठरतो. मान्यतेच्या अटींमुळे जुन्या पिंजऱ्यात नवा प्राणी आणता येत नाही, आणि नवा पिंजरा अजून कागदावर असतो. मधल्या वर्षांत जे होते ते वयाने थकले आणि एकेक करून गेले. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने प्राणिसंग्रहालयांतले हत्ती वनविभागाच्या छावण्यांत हलवावेत असे कळवले. २०१४ मध्ये जिमी ही सिंहीण गेली आणि बागेत सिंह उरला नाही. तिकीट पाच रुपये होते. ‘पाच रुपयांत पाहायचे तरी काय?’ असे लोक फाटकातून बाहेर पडताना म्हणत. त्या वर्षांत रिकाम्या पिंजऱ्यांसमोर उभे राहून जे कर्मचारी रोज तेच उत्तर देत होते, त्यांच्या मनःस्थितीची कल्पना करावी.

सिंहांसाठी पुढे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. आशियाई सिंह गुजरातकडून मिळायचे तर बदल्यात झेब्रा द्यायचे, झेब्रा परदेशातून आणायचे, आणि घोड्यांच्या आफ्रिकन आजारामुळे त्यांच्या आयातीचीच वाट बंद. एका प्राण्यामागे किती दारे ठोठवावी लागतात ते यावरून कळावे.

२०१५ ते २०१९ : पेंग्विन, जकात आणि तिकीट

जुलै २०१६ मध्ये सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. पेरू-चिलेच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी. त्यांच्यासाठी १६ ते १८ अंश तापमानाचे दालन बांधले गेले आणि मार्च २०१७ मध्ये ते लोकांना खुले झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांतली एक मादी दगावली आणि शहरभर चर्चा पेटली. खर्चाबद्दलही खूप बोलले गेले. त्या वादात शिरण्याची ही जागा नव्हे. एवढेच नोंदवतो की पेंग्विनांमुळे मुंबईकर पुन्हा राणीबागेकडे वळला, आणि एवढेही नोंदवतो की पेंग्विन आणण्याचा खर्च एकदाच होतो, त्यांना थंड ठेवण्याचा खर्च दर तासाला होतो. वीज, पाणी गाळण्याची यंत्रणा, तारली-बांगड्यासारखी ताजी मासळी, चोवीस तासांची देखरेख यांतले काहीही एक दिवस थांबून चालत नाही. या पक्ष्यांची काळजी घेणाऱ्या डॉक्टर आणि कर्मचाऱ्यांनी त्यांचा वंश इथे वाढवून दाखवला, ही कामगिरी मोठी आहे.

१ जुलै २०१७ रोजी वस्तू आणि सेवा कर आला आणि जकात बंद झाली. पालिकेचा सर्वांत मोठा स्वतःचा उत्पन्नस्रोत गेला. त्याच्या जागी राज्याकडून भरपाई येऊ लागली. बरोबर महिन्याने, १ ऑगस्टपासून, बागेचे तिकीट पाच रुपयांवरून पन्नास झाले, मुलांना पंचवीस, आणि आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाला शंभर. या वाढीवर नाराजी होती. कुटुंबाची सवलत हा त्यातला चांगला भाग. तरीही हातावर पोट असलेल्या घराला शंभर रुपये शंभरच वाटतात, आणि ही बाग त्या घरांची होती. उत्पन्न वाढले हे खरे. ते वाढले म्हणून तिजोरीने हात आखडता घेतला, असे होऊ नये म्हणून सावध राहिले पाहिजे.

२०२० ते २०२३ : बंद फाटकाआड

फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगरच्या) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. काचेआड मोकळे अंगण असलेले नवे प्रदर्शनकक्ष आणि पक्ष्यांमधून चालत जाता येईल असे मुक्त विहार दालन तयार झाले होते. महिनाभरात करोना आला आणि फाटक बंद झाले. ते सुमारे अकरा महिने बंद राहिले, थोडे उघडले, पुन्हा मिटले आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा उघडले.

या काळाने एक गोष्ट सिद्ध केली. म्हैसूरचे प्राणिसंग्रहालय आपल्या देशातल्या उत्तम संस्थांपैकी एक. १९७९ पासून ते स्वायत्त प्राधिकरणाकडे आहे आणि मुख्यतः तिकिटांवर चालते. टाळेबंदीत तिकिटे थांबताच त्यांना लोकांना आवाहन करावे लागले. लोकांनी भरभरून दिले, प्राणी दत्तक घेतले, संस्था तरली. राणीबागेला तसे आवाहन करण्याची वेळ आली नाही, कारण तिकिटाचे उत्पन्न शून्य झाले तरी चाऱ्याची तरतूद पालिकेच्या अर्थसंकल्पात होती. लोकल बंद असताना, घरातले लोक धास्तावलेले असताना, प्राणीरक्षक आणि सफाई कामगार मुखपट्टी बांधून कामावर येत राहिले. त्यांच्या येण्यावर प्राण्यांचे जगणे अवलंबून होते.

याच्या उलट उदाहरणही आपल्या जुन्या घरातले आहे. कराचीचे गांधी गार्डन हे आपल्यासारखेच पालिकेचे प्राणिसंग्रहालय. १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. २०२१ मध्ये तिथे खाद्य पुरवणाऱ्या ठेकेदाराची बिले थकली आणि पुरवठा बंद होण्याची पाळी आली. एप्रिल २०२३ मध्ये नूरजहाँ ही अवघी १७ वर्षांची हत्तीण, दीर्घ आजारानंतर, तिथे दगावली. हत्ती साठ-सत्तर वर्षे जगतो. ती बातमी वाचताना राणीबागेत काम केलेल्या प्रत्येकाच्या पोटात कालवले असेल.

आपल्याकडे नोव्हेंबर २०२१ मध्ये करिश्माला वीरा ही बछडी झाली. बंगाली वाघाचा जन्म बागेत बऱ्याच वर्षांनी झाला. १ जानेवारी २०२३ ला एका दिवसात तीस हजारांवर लोक बागेत आले.

आजची बाग

सकाळी फाटक उघडण्याच्या कितीतरी आधी स्वयंपाकघर सुरू होते. भाज्या आल्या की त्या निवडून, धुऊन, प्राण्यागणिक वेगळ्या चिरल्या जातात. माकडांचे तुकडे वेगळे, अस्वलाचे वेगळे. मांस तपासून तोलले जाते. प्रत्येक प्राण्याने काल किती टाकले ते रक्षक सांगतो आणि डॉक्टर वहीत लिहितो, कारण उरलेले अन्न हे आजाराचे पहिले चिन्ह. पाणघोड्याचे तळे रिकामे करायचे तर त्याला आधी आत घ्यावे लागते, मग शेवाळ आणि विष्ठा खरवडून काढायची, पाणी भरायचे. त्याची कातडी पाण्याबाहेर सुकते आणि तडकते, म्हणून हे काम उन्हे चढण्याच्या आत उरकावे लागते. एखाद्या दिवशी पंप जळला तर दुरुस्तीची फाइल, तीन दरपत्रके आणि मंजुरी यांना लागणारे दिवस पाणघोड्याकडे नसतात. अशा वेळी अधिकारी आणि कामगार स्वतःच्या ओळखीवर, कधी स्वतःच्या खिशावर, मार्ग काढतात. ते कुठल्याही अहवालात येत नाही.

प्राणिसंग्रहालयातली काटछाट घोषणा करून होत नाही. निवृत्त झालेल्या रक्षकाची जागा भरली जात नाही, त्याचे काम उरलेल्यांत वाटले जाते, मग ते कंत्राटी माणसाला दिले जाते आणि तो वर्षभरात बदलतो. नव्या दालनाला, भांडवली खर्चाला, पैसा मिळतो, कारण त्याचे उद्घाटन असते. चारा, औषधे, पंपाचे वॉशर, रक्षकाचे प्रशिक्षण हा महसुली खर्च, आणि बजेट आवळायची वेळ आली की चिमटा तिथे बसतो. वीस वर्षे एकाच वाघिणीशी बोलत आलेला माणूस निवृत्त होतो तेव्हा त्याच्याबरोबर काय जाते, हे कोणत्याही लेखाशीर्षात दिसत नाही.

२०२३-२४ साठी मुंबई महानगरपालिकेचा अर्थसंकल्प ५२,६१९ कोटी रुपयांचा होता. या आकड्यापुढे राणीबागेचा चारा आणि औषधे यांची रक्कम सहज सामावणारी होती. तरीही जकात गेलेली, मोठ्या प्रकल्पांची देणी वाढती आणि राज्याच्या भरपाईवर विसंबलेली पालिका उद्या कुठे हात आखडेल ते सांगता येत नाही. म्हणून या निमित्ताने बागेच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांच्या भावना इथे मांडतो. प्राण्यांचे खाद्य, उपचार आणि रक्षकांचे वेतन यांचे एक स्वतंत्र लेखाशीर्ष असावे, ते इतर कामांकडे वळवता येऊ नये आणि कपातीच्या वर्षातही त्याला हात लागू नये. प्राणीरक्षकांची मंजूर पदे कायमस्वरूपी भरली जावीत आणि नव्या माणसाला जुन्याच्या हाताखाली निदान एक वर्ष काढता यावे. तातडीच्या दुरुस्तीचा खर्च उद्यान अधीक्षकांना त्याच दिवशी करता यावा. शक्य असेल तर पालिकेच्या शाळांतल्या मुलांना वर्षातून एकदा विनामूल्य प्रवेश मिळावा. त्यांच्या आजी-आजोबांच्या करावर ही बाग जगली आहे.

शाळांसाठीचे मार्गदर्शनवर्ग, दरवर्षीचे फुलांचे प्रदर्शन, झाडांची नोंद आणि निगा ही कामे चालू आहेत. सिंहांसाठीचा पत्रव्यवहारही चालू ठेवावा लागणार आहे. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकाचे प्रस्ताव खात्यांकडून मागवले जातात तेव्हा वरील मागण्यांचे टिपण त्यासोबत जावे, अशी विनंती आहे.